कोळशाची धूळ आणि दुर्लक्षित अहवाल

कोळसा खाणीतला स्फोट म्हटला की मिथेन वायूचं नाव पुढे येतं. पण मोठ्या दुर्घटनांमध्ये शेकड्यांनी माणसं मारली ती बहुतेक वेळा धुळीने. मिथेनचा छोटा भडका उडाला तरी त्याच्या हादऱ्याने जमिनीवरची, लाकडी टेकूंवरची बारीक धूळ हवेत उठते आणि पेटते. तो दुसरा स्फोट आणखी धूळ उडवतो, आणि आग बोगद्यांतून मैलभर पळत जाते. जे भाजत नाहीत ते मागे राहणाऱ्या विषारी वायूने गुदमरतात.

हे इंग्लंडमध्ये १८४५ सालीच छापून आलं होतं, आणि तेही मायकेल फॅरडेच्या सहीने.

२८ सप्टेंबर १८४४ रोजी डरहॅम परगण्यातल्या हॅसवेल खाणीत स्फोटात ९५ माणसं आणि मुलं मेली. तिथल्या खाणकामगारांचा मोठा संप मोडून पडल्याला जेमतेम काही आठवडे झाले होते. कामगारांचे वकील विल्यम रॉबर्ट्स यांनी थेट पंतप्रधान पील यांना गाठलं, आणि सरकारने फॅरडे व भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांना चौकशीला पाठवलं. खाणीत उतरल्यावर फॅरडे एका पोत्यावर बसले. शेजारी उघडी मेणबत्ती जळत होती. सुरुंगाची दारू कुठे ठेवता, असं त्यांनी विचारलं. तुम्ही बसला आहात त्याच पोत्यात, असं उत्तर आलं! लायेलनी सांगितलेला हा किस्सा त्या काळच्या सुरक्षिततेबद्दल बरंच काही सांगून जातो.

मृत्यूंच्या चौकशीसाठी बसलेल्या ज्युरीने अपघाती मृत्यू असा निर्णय दिला, कुणालाही दोषी धरलं नाही, आणि दोघा शास्त्रज्ञांनीही त्याला हरकत घेतली नाही. त्यांचा अहवाल मात्र त्यापुढे गेला. टेकूंवर आणि भिंतींवर अर्धवट जळलेल्या धुळीचे थर त्यांना सापडले होते. त्यावरून ही धूळच आगीला इंधन पुरवते, असं त्यांनी लिहिलं. कोळसा काढून झाल्यावर मागे राहणाऱ्या पोकळीत वायू साठतो, तो नळाने बाहेर ओढून घ्यावा, ही सूचनाही केली. खाणमालकांनी ती अव्यवहार्य आणि खर्चिक ठरवली. वायूच्या उपायावर निदान वाद तरी झाला, धुळीच्या मुद्द्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

तीसेक वर्षांनी विल्यम गॅलोवे यांनी प्रयोग करून तोच मुद्दा रॉयल सोसायटीपुढे मांडला. १८८० मध्ये हॅसवेलपासून जवळच सीहॅम खाणीत १६४ जण मेले. १८८७ च्या कायद्याने एवढंच केलं की कोरड्या, धुळीच्या जागी सुरुंग लावण्याआधी पाणी मारणं सक्तीचं झालं. मिथेन नसतानाही कोरडी धूळ पेटू शकते का, यावर खाणव्यवसायात घोळ चालूच होता. त्यासाठी १८९१ मध्ये शाही आयोग नेमला गेला, आणि १८९४ मध्ये त्याने धुळीचा धोका मान्य केला. त्याच वर्षी २३ जूनला वेल्समधल्या अल्बियन खाणीत २९० माणसं मेली.

विज्ञान अपुरं होतं, ही सबब मला पटत नाही. धूळ गोळा करणं, पाणी शिंपडणं ही कामं मजुरी मागतात आणि त्यातून कोळसा निघत नाही, हे खरं कारण वाटतं. फ्रान्समध्ये १९०६ साली कुरिएर खाणीतल्या स्फोटात १,०९९ जण मेल्यावर ब्रिटनमधले खाणमालक स्वतः प्रयोगांना लागले. कोळशाच्या धुळीत दगडाची भुकटी मिसळली की ज्वाला थांबते, हे त्यांतून सिद्ध झालं.

तोवर वेल्समधल्या सेंघेनिड खाणीची पाळी आली होती. तिथे १९०१ मध्येही स्फोटात ८१ जण मेले होते. १४ ऑक्टोबर १९१३ च्या स्फोटात ४३९ खाणकामगार गेले. सुरक्षा नियम मोडल्याबद्दल मॅनेजरला २४ पौंड दंड झाला, कंपनीला १० पौंड, आणि तोही अपिलात. दगडाची भुकटी पसरणं सक्तीचं झालं ते १९२० च्या नियमांनी.