खिडकीतला कूलर आणि फोनची रेंज

नागपुरात एप्रिल उजाडला की घरोघरी खिडक्यांना कूलर लागतात. हिवाळ्यात ज्या खोलीत फोन नीट लागत होता, त्याच खोलीत त्यानंतर बोलणे मध्येच तुटू लागले, तर कंपनीला दोष देण्याआधी खिडकीकडे पाहावे. विटांच्या भिंतीतून रेडिओलहरी बऱ्याच अंशी आत येतात, लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमधून कमी येतात, आणि धातूच्या पत्र्यातून जवळजवळ येतच नाहीत. म्हणून खोलीतील रेंजचा मोठा वाटा खिडकीतून आलेला असू शकतो, आणि नेमकी तीच वाट कूलरच्या पत्र्याने, त्यातील पाण्याने आणि ओल्या ताट्यांनी अडते. प्लॅस्टिकच्या कूलरचा अडथळा त्या मानाने कमी असतो.

असे खरोखर झाले आहे का, हे फोनवरच्या रेघा पाहून ठरवू नये. किती शक्तीला किती रेघा दाखवायच्या याचा सर्वमान्य नियम नाही. तो हिशेब फोन बनवणारा आपल्या मनाने ठरवतो. खरा आकडा डीबीएम या रेंजची शक्ती मोजण्याच्या एककात असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ या भागात, सिमच्या माहितीखाली सापडतो. ४जीसाठी हा आकडा उणे ८५च्या आसपास असेल तर रेंज चांगली म्हणावी, आणि उणे ११५च्या पलीकडे गेला तर कॉल तुटण्याची शक्यता गृहीत धरावी. या मोजमापात दर १० एककांना शक्ती दहापट बदलते, त्यामुळे उणे ८५ आणि उणे ११५ यांतील फरक तिसाचा दिसला तरी प्रत्यक्षात हजारपट असतो. हा आकडा खोलीत, गच्चीवर आणि कूलर सरकवून अशा तीन ठिकाणी पाहिला, की अडथळा घरातला आहे की बाहेरचा, हे बरेचसे कळून येते.

लहर कोणती आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंमी असते, तर ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्झची जेमतेम ८.६ सेंमी. लांब लहर भिंतीतून अधिक सहज जाते आणि इमारतीच्या कोपऱ्याला वळसाही घालते. इतवारी-महालच्या अरुंद गल्ल्यांतल्या जुन्या, जाड भिंतींच्या घरांत ५जीची रेंज सारखी येत-जात असेल, तर फोन काही काळ ४जीवर ठेवून पाहणे हा उपाय साधा वाटला तरी उपयोगी ठरतो.

‘तुमचा आवाज येतोय, माझा जातोय का?’ हा प्रश्न फोनवर वारंवार विचारावा लागतो, यालाही भौतिक कारण आहे. टॉवरची प्रक्षेपणशक्ती दहा-वीस वॅट किंवा त्याहून अधिक असते, फोनची मात्र साधारणपणे कमाल ०.२ वॅट. रेंज जेमतेम असेल तेव्हा टॉवरचे बोलणे फोनला कळते, पण फोनचे टॉवरपर्यंत पोहोचत नाही. त्यात नागपूरचे ४५ अंशांचे ऊन आहेच. फार तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी रेडिओची शक्ती उतरवू शकतो. दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनची रेंज गेली, तर आधी त्याला सावलीत निवू द्यावे.

रेंज उत्तम असूनही कॉल तुटत असतील, तर कारण बहुधा वेगळे असते. संध्याकाळच्या सीताबर्डीसारख्या गर्दीत एकाच टॉवरवर खूप फोन येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी जागा उरते. वर्धा मार्गावरून जाताना एका टॉवरकडून दुसऱ्याकडे कॉल सोपवताना तो निसटू शकतो. असा दोष ग्राहकाला दुरुस्त करता येत नाही, तक्रारच करावी लागते.

घरात ब्रॉडबँड असेल तर सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे वायफाय कॉलिंग. फोनच्या सेटिंग्जमध्ये ते सुरू केले की कॉल टॉवरऐवजी राउटरमधून जातो, नंबर तोच राहतो. रेंज वाढवण्यासाठी बाजारात मिळणारे ‘बूस्टर’ मात्र घेऊ नयेत. परवानगीशिवाय ते बसवणे भारतात बेकायदा आहे, आणि वाईट प्रतीचा बूस्टर रेंजबरोबर नको असलेल्या लहरींचा गोंगाटही वाढवून टॉवरकडे पाठवतो, ज्यामुळे टॉवरला इतरांचे क्षीण संदेश ऐकू येईनासे होतात आणि शेजाऱ्यांचे कॉल तुटू लागतात.