ऑटम लीव्ह्ज

'ऑटम लीव्ह्ज' हे मूळ फ्रेंच चालीवरचे इंग्रजी विरहगीत. फ्रेंच गाण्याचे नाव 'ले फोय मॉर्त', म्हणजे 'मेलेली पाने'. संगीत जोसेफ कॉस्मा यांचे, शब्द कवी झाक प्रेव्हेर यांचे.

कॉस्मा १९०५ मध्ये बुडापेस्टला जन्मले आणि १९३३ मध्ये पॅरिसला आले. ते ज्यू असल्याने दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अंमलात त्यांच्या संगीतावर बंदी होती. तरी चोरून, दुसऱ्यांच्या नावावर ते चित्रपटांना संगीत देत राहिले. जून १९४५ मध्ये नृत्यरचनाकार रोलाँ पती यांच्या 'ल राँदेव्हू' या बॅलेसाठी (नृत्यनाट्यासाठी) त्यांनी केलेल्या संगीतातून ही चाल आली. पुढे प्रेव्हेर यांनी तिला शब्द दिले आणि १९४६ मध्ये मार्सेल कार्ने यांच्या 'ले पोर्त द ला न्वी' या चित्रपटात ती वापरली गेली. चित्रपट पडला. गाणे मात्र त्यातला नायक इव्ह मोंताँ यांनी आयुष्यभर गायले.

चालीची गंमत तिच्या उतरणीत आहे. तीन सूर पायरी-पायरीने चढतात, चौथ्यावर आवाज लांबतो. मग तीच आकृती एक पायरी खालून पुन्हा. असे चार वेळा. लांबवलेले सूर ओळीने पाहिले तर एकेक पायरी खाली येतात. पान गळते तसेच! चालीखाली वाजणारे कॉर्डही (एकत्र वाजणारे सुरांचे गट) एकातून दुसरा सहज निघावा अशा साखळीत आहेत. म्हणूनच जॅझ शिकणाऱ्याच्या हाती हे गाणे फार लवकर पडते.

इंग्रजी शब्द जॉनी मर्सर यांचे. प्रेव्हेर यांच्याकडे मेलेली पाने फावड्याने गोळा होतात, तशाच आठवणी आणि पश्चात्तापही. मर्सर यांनी हे सुरुवातीचे लांब कडवे वगळले आणि खिडकीबाहेर झरणारी लाल-सोनेरी पाने ठेवली. गाणे त्यामुळे सुटसुटीत झाले, पण फ्रेंचमधला तो कोरडा चटका गेला, तो गेलाच.

१९५० मध्ये जो स्टॅफर्ड यांनी ते गायले. १९५५ मध्ये रॉजर विल्यम्स यांची शब्दांविना, पियानोवरची रेकॉर्ड अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. वरून खाली झरझर येणाऱ्या सुरांतून त्यांनी पानगळच वाजवली. नॅट किंग कोल यांचा मखमली आवाज १९५६ च्या त्याच नावाच्या चित्रपटात ऐकू येतो.

जॅझमध्ये मार्च १९५८ चे सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली यांचे ध्वनिमुद्रण आधी ऐकावे. सुमारे ११ मिनिटांचे आहे. सुरुवातीला एक गूढ, घुटमळती धून येते, आणि मग माइल्स डेव्हिस यांचा म्यूट (आवाज दाबणारे झाकण) लावलेला ट्रम्पेट मूळ चाल इतक्या मोजक्या सुरांत मांडतो की मधली शांतताही चालीचाच भाग वाटते. डिसेंबर १९५९ मध्ये पियानोवादक बिल एव्हन्स यांच्या तीन वादकांच्या त्रयीने तेच गाणे घेतले. त्यात स्कॉट लफारो यांचा बास (खर्जातले मोठे तंतुवाद्य) नुसती साथ करत नाही, पियानोला उत्तर देतो. कधी बास बोलतो, कधी पियानो, आणि ठेका धरण्याचे काम कुणा एकाकडे राहत नाही.

जानेवारी १९९६ मध्ये वॉशिंग्टनच्या 'ब्लूज ॲली' क्लबात गायिका इव्हा कॅसिडी यांनी ते अगदी संथ लयीत गायले. प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्या गेल्या.