नागीण गेली पण आग राहिली: मेंदूला बाहेरून दिलेल्या टिचक्या

माझ्या आत्याला नागीण झाली होती, बरगडीखाली पट्ट्यासारखे फोड आले, तीन-चार आठवड्यांत खपल्या धरून गेलेही, पण त्या जागेची आग काही जाईना. आता दीड वर्ष झालं. पदर घासला तरी कळवळते, पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. भेटायला येणारे बघतात, कातडी तर चांगली दिसते, मग "मनावर घेऊ नकोस गं" म्हणून निघून जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे दुखणं शंभर टक्के खरं असतं.

बोट कापलं की नस मेंदूला कळवते, जखम भरली की गप्प बसते. पण नागिणीत नसच खराब झाली तर? दारावरच्या बेलची वायर शॉर्ट झाली की दारात कुणी नसतानाही ती वाजत राहते ना, अगदी तसं. आणि महिनोन्महिने ती वाजत राहिली की मणक्यातल्या आणि मेंदूतल्या पेशींनाही त्याची सवय लागते, त्या बारीकशा स्पर्शालाही दुखणं म्हणायला लागतात. डायबेटिसमध्ये पायाची आग आणि मुंग्या, पॅरालिसिसच्या झटक्यानंतर अर्ध्या अंगात होणारी जळजळ, कापून टाकलेला पाय दुखणं, ही सगळी याच घरातली दुखणी. साध्या पेनकिलरने यात फारसा फरक पडत नाही. प्रीगाबालिन, गॅबापेन्टिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं देतात, बऱ्याच जणांना आराम पडतो, पण अनेकांना पुरेसा पडत नाही, किंवा इतकी गुंगी येते की नको ती गोळी असं होतं.

मग थेट मेंदूलाच हात घालायचा, तोही कवटी न उघडता, बाहेरून चुंबकीय झटके देऊन, हा विचार कुठून आला ती गोष्ट मला भारी आवडते. 1991 मध्ये जपानमधल्या सुबोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पॅरालिसिसनंतरच्या भयंकर दुखण्यासाठी, कवटीखाली इलेक्ट्रोड बसवून मेंदूच्या मोटर कॉर्टेक्सला बारीक करंट दिला आणि दुखणं कमी झालं. आता मोटर कॉर्टेक्स म्हणजे हातपाय हलवायचे हुकूम सोडणारा भाग, दुखणं जाणवण्याचं काम त्याचं नाहीच! आपल्याला वाटेल की संवेदना घेणाऱ्या भागाला करंट द्यावा, पण उपयोग झाला तो हालचालीच्या भागाचा.

आणि ऑपरेशनशिवाय तिथे पोचायचं साधन तेव्हा तयार होतं. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी 1985 मध्ये डोक्यावर तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, धरून चुंबकीय झटक्याने मेंदू उत्तेजित करून दाखवला होता. तत्त्व फॅरेडेचं, 1831 चं, शाळेत शिकलेलं: बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात करंट तयार करतं. इथे वाहक म्हणजे आपला मेंदू. वीज थेट डोक्याच्या कातडीतून पाठवली तर फार दुखतं, चुंबकीय क्षेत्र मात्र हाडातून सहज आरपार जातं, फक्त दोन-तीन सेंटिमीटर खोलपर्यंतच पोचतं, पण तेवढं पुरतं.

प्रत्यक्षात इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल डोक्याला टेकवतात, टिक टिक असा मोठा आवाज येतो म्हणून कानात इअरप्लग घालतात. आधी एकेक टिचकी देत कॉइल सरकवतात आणि एका जागी पेशंटचा अंगठा आपोआप उडतो, त्याने ठरवलेलं नसताना! तो उडला की जागाही सापडली आणि जोर किती लागतो तेही कळलं, मग उपचार त्याहून थोड्या कमी जोराने करतात. सेकंदाला 10 टिचक्या, थोडी विश्रांती, परत टिचक्या, अशा एका बैठकीत साधारण 3000. दुखणं उजवीकडे असेल तर कॉइल डावीकडे. यालाच आरटीएमएस म्हणतात, म्हणजे मेंदूला बाहेरून परत परत दिलेलं चुंबकीय उत्तेजन. शरीराची स्वतःची अफूसारखी रसायनं यात कामाला लागतात असं दिसतं, कारण त्यांना अडवणारं नॅलोक्सोन दिलं की परिणाम कमी होतो.

पण हा चमत्कार नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी 2014 आणि 2020 मध्ये नसांच्या दुखण्यासाठी याला सगळ्यात वरचा दर्जा दिला, तर 2018 च्या कॉक्रेन आढाव्याने (अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) परिणाम थोडा आणि थोड्या काळाचा, पुरावाही कच्चा असं म्हटलं. मला स्वतःला 2021 ची फ्रान्सची चाचणी महत्त्वाची वाटते: 149 पेशंट, 22 आठवड्यांत 15 बैठका, काहींना मोटर कॉर्टेक्सवर, काहींना कपाळामागच्या भागावर, काहींना नुसत्या आवाजाची खोटी कॉइल. मोटर कॉर्टेक्सवाल्यांचं दुखणं खोट्या कॉइलपेक्षा जास्त कमी झालं. कपाळामागच्या भागावर दिलेल्यांचं नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे ही मशीन्स बहुतेक डिप्रेशनसाठी वापरतात (अमेरिकेत 2008 मध्ये मंजुरी मिळाली तीही त्यासाठीच), आणि डिप्रेशनमध्ये कॉइल कपाळाच्या बाजूलाच ठेवतात. म्हणजे मशीन तेच, जागा वेगळी. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) असेल तर हे करत नाहीत, पेसमेकर किंवा फिट्सचा इतिहास असेल तर आधी सांगायलाच हवं. डोकं दुखणं हा नेहमीचा त्रास, फिट येणं फार क्वचित. आणि चालू गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

पुढच्या महिन्यात आत्याला घेऊन जातोय, तिच्या फाइलवर पेन्सिलीने दोन प्रश्न लिहून ठेवलेत: कॉइल नेमकी कुठे ठेवणार, आणि पहिल्या काही बैठका झाल्यावर पुढच्या किती दिवसांनी.