८१९२ बाइटांचं एक पान

‘फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता कचरा दिसतोय. गेलं ना सगळं?’ दोन-चार महिन्यांतून एकदा कुणाचा तरी असा मेसेज येतोच. वीज गेलेली असते, डिस्क भरलेली असते किंवा कुणीतरी चालू सर्व्हरची वायर उपटलेली असते, आणि डेटाबेस ‘करप्ट’ झालेला असतो. माझं उत्तर ठरलेलं: नोटपॅडमध्ये धडधाकट डेटाबेसही कचराच दिसतो. तिथून ती सेव्ह केली नाहीत ना, तेवढं आधी सांगा.

यात वापरणाऱ्याची चूक नाही. १९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा आग्रहच असा होता की माणसाला फक्त तक्ते दिसावेत. ते यंत्रात कसे रचलेत हे त्याला कळायची गरज पडू नये. पन्नासहून अधिक वर्षं आपण त्या सोयीवर मजेत आहोत. फाइल बिघडते त्या दिवशी मात्र आतली रचना बघावीच लागते, आणि खरं सांगायचं तर ती बघण्यासारखी आहे.

मी पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचं उदाहरण घेतो, कारण त्याच्या पानावर माझा जीव आहे. तक्त्याची फाइल म्हणजे ८१९२ बाइटांच्या पानांची चळत. (मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी नावाच्या साठवण यंत्रणेत पान एरवी १६ केबीचं असतं, पण तत्त्व तेच.) पानाच्या माथ्यावर २४ बाइटांचा हेडर, म्हणजे पानाचीच माहिती सांगणारा मथळा. त्याखाली चार-चार बाइटांचे पॉइंटर, म्हणजे पत्ते, तक्त्याच्या दर ओळीमागे एक. प्रत्यक्ष ओळी मात्र पानाच्या तळापासून वर भरत जातात. पॉइंटर वरून खाली, ओळी खालून वर. मधली मोकळी जागा संपली की पान भरलं. पॉइंटरच्या ३२ बिटांपैकी १५ बिट ‘ओळ कुठे आहे’ हे सांगतात, १५ ‘किती लांब आहे’ हे, आणि उरलेले २ तिची अवस्था.

आता समजा, डिस्कने या पानाचे पहिले ५१२ बाइट गिळले आणि तिथे शून्यं आली. हेडर गेला, आणि पहिल्या १२२ पॉइंटरांपुरती जागा गेली, म्हणजे बहुतेक वेळा सगळेच पॉइंटर. डेटाबेस म्हणतो, पान अवैध आहे, मी वाचणार नाही. त्याचं बरोबरच आहे. पण तळाशी बसलेल्या ओळींना धक्काही लागलेला नाही! हरवलाय तो फक्त त्यांचा पत्ता.

मग ओळी हाताने शोधायच्या. प्रत्येक ओळीचा स्वतःचा २३ बाइटांचा हेडर असतो, एक बाइट भरतीचा, आणि मग मजकूर. समजा पहिला रकाना चार बाइटांचा ग्राहक क्रमांक आहे आणि दुसरा नाव. क्रमांक १०४२ असेल तर नेहमीच्या संगणकावर बाइट दिसतात १८, ४, ०, ०; लहान भाग आधी, कारण ४ गुणिले २५६ अधिक १८. पुढचा बाइट ३९. हे काय? नावाची लांबी. ‘सुनीता’ या शब्दात काना-मात्रा धरून सहा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १८. त्यात लांबीचा स्वतःचा एक बाइट मिळवा, १९. पोस्टग्रेस त्याची दुप्पट करून एक मिळवतो, आणि त्या विषम आकड्यावरून ओळखतो की हा छोटा मजकूर आहे. त्यापुढे २२४, १६४, १८४ म्हणजे ‘स’. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होतं आणि दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो. त्यामुळे बाइटांच्या जंगलात मराठी नावं लांबूनही ओळखू येतात. पहिल्यांदा असं नाव हाती लागलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

अर्थात हे जमलं ते रकान्यांचा क्रम माहीत होता म्हणून. नुसते आठ बाइट समोर ठेवले तर ती रक्कम आहे की १ जानेवारी २००० पासून मोजलेले मायक्रोसेकंद (पोस्टग्रेस वेळ अशीच साठवतो), हे बाइट सांगत नाहीत. तक्त्याची व्याख्या कुठल्यातरी जुन्या प्रोग्राममध्ये सापडली तर निम्मं काम झालं. आणि पान एन्क्रिप्ट केलेलं असेल व किल्ली नसेल, तर ‘१०० टक्के रिकव्हरी’च्या जाहिराती करणाऱ्यांनी कितीही शपथा घेतल्या तरी हाती काही लागत नाही.

पुसलेल्या ओळींचंही असंच. डिलीट केल्यावर पोस्टग्रेस ओळ खोडत नाही. तिच्या हेडरमध्ये ‘अमुक व्यवहाराने ही रद्द केली’ एवढं लिहितो. साफसफाई करणारा व्हॅक्यूम नंतर येतो. पण सर्व्हर चालू असेल तर तो स्वयंचलित फेरीवाला एरवी दर मिनिटाला जागा होऊन बघतो. इतकंच काय, साधी वाचायची क्वेरीसुद्धा जाता जाता पानातल्या मेलेल्या ओळी झाडून टाकू शकते. म्हणून आधी सर्व्हर बंद, मग पूर्ण फोल्डरची प्रत, आणि पुढची सगळी खटपट प्रतीवर.

वीज गेल्यामुळे अर्धवट लिहिलेलं पान हा प्रकार डेटाबेस बहुधा स्वतःच निस्तरतो. बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत जातात, आणि दर चेकपॉइंटनंतर (तोवरचे बदल डिस्कवर उतरले अशी खूण) एखादं पान पहिल्यांदा बदललं की त्याची अख्खी प्रतही तिथे पडते. सुरू होताना तो हेच वाचत बसतो. लोकांना वाटतं अडकलाय, आणि ते लॉगच्या फाइली उडवतात. तिथे खरा घात होतो. दुरुस्तीची कमांड मंत्रासारखी पुन्हापुन्हा म्हणणारेही भेटतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसने तर अशा पर्यायाच्या नावातच ‘अलाउ डेटा लॉस’ (डेटा गेला तरी चालेल) लिहून ठेवलंय, तरी लोक विचारतात, डेटा कुठे गेला?

आता सगळ्यात वाईट अवस्था: पान ४१७ पूर्ण शून्य, बॅकअप नाही. इथे इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, कामाला येतो. तो वेगळ्या फाइलीत असतो, आणि त्याच्या प्रत्येक नोंदीत रकान्याची किंमत व ओळीचा पत्ता असतो: ‘१०४२, पान ४१७, जागा ३’. पेजइन्स्पेक्ट नावाच्या जोडणीने इंडेक्सची पानं थेट वाचता येतात. ४१७ कडे बोट दाखवणाऱ्या नोंदी वेगळ्या काढल्या की कोणते ग्राहक क्रमांक गेले याची यादीच हातात येते. एखादी जुनी, रद्द झालेली नोंद त्यात असते, ती तपासून गाळायची. फोन नंबरवर वेगळा इंडेक्स असेल तर त्यातून ‘पान ४१७, जागा ३’ समोरचा नंबरही मिळतो, आणि पत्ता तोच असल्याने तो १०४२ चाच. ऑर्डरच्या तक्त्यात १०४२ च्या ऑर्डरी शाबूत असतातच. नाव तेवढं राहिलं. ते त्या नंबरवर फोन करून विचारायचं.