निवृत्त बेसबॉलपटूंचे पुनरागमन

व्यावसायिक बेसबॉलमधून निवृत्त झालेला खेळाडू काही काळाने, बहुधा पस्तिशी-चाळिशी उलटल्यावर, पुन्हा संघात जागा मिळवायला येतो, तेव्हा त्या प्रयत्नाला पुनरागमन म्हणतात. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, याची मोठी परंपरा आहे. बॉब सिम्पसन १९७७-७८ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी भारताविरुद्ध ऑस्ट्रेलियाचा कर्णधार म्हणून परतला होता, हे क्रिकेट पाहणाऱ्यांना आठवत असेल. क्रिकेटमध्ये तो अपवाद ठरला. बेसबॉलमध्ये अशा नावांची रांग लागते.

रीत साधी आहे. निवृत्ती जाहीर केलेल्या खेळाडूचे नाव स्वेच्छानिवृत्तांच्या यादीत जाते आणि परत यायचे तर रीतसर अर्ज करून ते काढून घ्यावे लागते. मग एखादा संघ त्याला मायनर लीगचा, म्हणजे खालच्या पातळीवरच्या लीगचा, करार देतो आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या सराव शिबिरात, म्हणजे स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, बोलावतो. तिथे निम्म्या वयाच्या पोरांबरोबर धावून जागा कमवायची. यात एक अडचण दडलेली असते. ‘हॉल ऑफ फेम’ या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या मतदानासाठी शेवटच्या सामन्यानंतर पाच हंगाम जावे लागतात. मध्येच एक सामना खेळला, तरी ही मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

परतणाऱ्यांत पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, जास्त दिसतात, आणि त्याला कारण आहे. पिचरचा उंचवटा आणि बॅटर यांच्यात ६० फूट ६ इंचांचे अंतर असते आणि ताशी दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. बॅटरची नजर किंचित मंदावली की काम संपले. पिचरला मात्र वेग गेल्यावरही दिशा, फसवणूक आणि अनुभव यांवर निभावता येते. त्यातही नकलबॉल, म्हणजे जवळजवळ न फिरता हवेत डुलत येणारा चेंडू, हा उतारवयाचा मोठा आधार. आठ वर्षे मेजर लीगबाहेर राहिलेला जिम बाउटन याच चेंडूच्या जोरावर १९७८ मध्ये ३९ व्या वर्षी अटलांटा ब्रेव्ह्जकडून उतरला. तीन सामने हरला आणि एक जिंकला. त्या एका विजयाचे मोल आकड्यांत मावत नाही.

सर्वांत हृद्य प्रसंग सॅचेल पेजचा. गोऱ्यांच्या लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती, त्या काळात पेजची उमेदीची वर्षे निग्रो लीगमध्ये गेली. १९४८ मध्ये क्लीव्हलंडने त्याला घेतले तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. १९५३ नंतर मेजर लीगमध्ये त्याला कोणी विचारले नाही. पुढे २५ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, तो कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सकडून बोस्टनविरुद्ध उभा राहिला. मालक चार्ली फिन्लीने हा तमाशा प्रेक्षक खेचण्यासाठीच मांडला होता. पेजला बसायला झुलती खुर्ची दिली होती आणि सेवेला एक परिचारिका उभी केली होती. पण चेंडू हातात आल्यावर तमाशा संपला. पेजने तीन इनिंग (सामन्यातल्या नऊ डावांपैकी तीन) टाकल्या, एकही धाव दिली नाही आणि एकच हिट, म्हणजे बॅटरला बेस गाठून देणारा फटका, दिली, तीही कार्ल यास्ट्रझेम्स्कीसारख्या नामांकित बॅटरला. चौथ्या इनिंगला तो उंचवट्यावर गेला आणि लोकांना उभे राहून टाळ्या वाजवता याव्यात म्हणून त्याला तिथून परत बोलावले गेले. नंतर मैदानातले दिवे मालवले आणि लोकांनी आगपेटीच्या काड्या पेटवून त्याच्यासाठी गाणी म्हटली. १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला पुन्हा करारावर घेतले, ते खेळवण्यासाठी नव्हे. लीगच्या निवृत्तिवेतनाला लागणाऱ्या सेवेत त्याचे १५८ दिवस कमी पडत होते. ज्या लीगने त्याला चाळिशीपर्यंत बाहेर ठेवले, तिच्याच नियमाने दिवस कमी भरावेत, हा अन्याय नोंदवायलाच हवा.

प्रेक्षक खेचण्यासाठी झालेली पुनरागमने आणखीही आहेत. सेंट लुईस ब्राउन्सचा रेडिओ समालोचक डिझी डीन आपल्याच संघाच्या पिचरांना रोज नावे ठेवत असे. १९४७ च्या शेवटच्या सामन्यात संघाने त्यालाच उतरवले. त्याने चार इनिंग एकही धाव न देता काढल्या, वर एक हिटही मारली आणि पायाचा स्नायू दुखावून घेऊन माइककडे परतला. क्युबाचा मिनी मिन्योसो शिकागो व्हाइट सॉक्सकडून १९७६ मध्ये आठ वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि एक हिट मिळवली. १९८० मध्ये दोनदा उतरला, तेव्हा हाती काही लागले नाही.

जिम पामरचा प्रयत्न यांहून वेगळा, कारण तो मनापासून संघात जागा मागायला आला होता. बाल्टिमोर ओरिओल्सचा हा पिचर, २६८ विजय आणि हंगामातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराचा तीनदा मानकरी, १९९० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि १९९१ च्या शिबिरात ४५ व्या वर्षी हजर झाला. त्याआधी मायामी विद्यापीठात सराव करताना एका साहाय्यक प्रशिक्षकाने त्याला न ओळखता सुनावले म्हणे, की अशा शैलीने तू कधी हॉल ऑफ फेममध्ये जाणार नाहीस. पामर म्हणाला, मी आहेच तिथे. सराव सामन्याआधी हात मोकळा करतानाच त्याच्या पायात काहीतरी तुटल्यासारखे झाले. तरीही तो दोन इनिंग खेळला, दोन धावा दिल्या आणि प्रकरण मिटले.

पुनरागमन फळेल की नाही, हे वयापेक्षाही माणसाने खेळ का सोडला होता यावर जास्त ठरते, असे या नोंदी वाचताना दिसते. रायन सँडबर्गने जून १९९४ मध्ये मन लागत नाही म्हणून शिकागो कब्ज सोडले. शरीर शाबूत होते. १९९६ मध्ये परतून त्याने २५ होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके, मारले. पिचर रॉजर क्लेमन्सने २००३ नंतर थांबतो म्हटले, पण घराजवळच्या ह्यूस्टन अॅस्ट्रोजकडून २००४ मध्ये १८ सामने जिंकले आणि सातवा साय यंग पुरस्कार घेतला. पुढे त्याच्यावर उत्तेजकांचे आरोप झाले. त्याने ते नाकारले, पण त्या यशाची चर्चा आता त्यांच्याशिवाय होत नाही.

डॅनियल बार्डची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. बोस्टनच्या या वेगवान पिचरला २०१२ च्या सुमारास अचानक चेंडू जागेवर टाकता येईना. खेळाडू या अवस्थेला ‘यिप्स’ म्हणतात. हात धड असतो, मनातली भीती हाताला आडवी येते. पाच वर्षे धडपडून त्याने २०१७ मध्ये खेळ सोडला आणि अॅरिझोनाच्या संघात तरुणांना मानसिक आधार देण्याचे काम धरले. त्यांच्याशी सहज चेंडू झेलता-फेकता त्याला जाणवले, की चेंडू पुन्हा हवा तिथे जातोय. २०२० मध्ये ३५ व्या वर्षी तो कोलोरॅडो रॉकीजकडून मेजर लीगमध्ये परतला, त्या हंगामातल्या सर्वोत्तम पुनरागमनाचा पुरस्कार मिळवला आणि २०२२ मध्ये ३४ सामन्यांत शेवटच्या टप्प्यात उतरून संघाची आघाडी राखून दिली. २०२३ च्या सुरुवातीला चिंतेच्या त्रासामुळे त्याला काही काळ बाजूला बसावे लागले, आणि ते कारण त्याने लपवले नाही.

जपानमध्ये त्सुयोशी शिंजो २००६ मध्ये निवृत्त झाला होता. डिसेंबर २०२० मध्ये ४८ व्या वर्षी तो संघ नसलेल्या खेळाडूंच्या निवड चाचणीला आला आणि तिथे त्याने हिटही मारली. कोणत्याही संघाने त्याला बोलावले नाही. पुढच्या वर्षअखेरीस निप्पॉन-हॅम फायटर्सने त्याला बोलावले, ते संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून.