छावणी चर्च, बडोदे

बडोदे (वडोदरा) येथील फत्तेगंज भागातील अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) परंपरेचे प्रार्थनामंदिर आणि त्याच्या आधी छावणीत उभे असलेले, आता नामशेष झालेले चर्च. हल्लीची वास्तू सेंट जेम्स चर्च या नावाने ओळखली जाते. 1802 च्या करारानंतर गायकवाडांकडे ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज आली आणि शहराबाहेर छावणी वसली. शहर व छावणी यांच्यामध्ये विश्वामित्री नदी होती. तिच्यावरील जुना दगडी पूल एकावर एक अशा दुहेरी कमानींचा होता.

पहिल्या चर्चचा समर्पणविधी (वास्तू उपासनेसाठी अर्पण करण्याचा विधी) कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर यांनी केला, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो सालाचा. अनेक ठिकाणी 1824 हे साल दिलेले आढळते. ते ग्राह्य धरता येत नाही. हीबर कलकत्त्याहून निघाले ते जून 1824 मध्ये. ढाका, बनारस, लखनौ, अलमोडा असा फेरा घेत वर्ष सरताना ते दिल्लीत होते. तेथून आग्रा, जयपूर, नीमच या मार्गाने ते मार्च 1825 मध्ये बडोद्यास पोचले. पुढे खेडा व सुरत येथील चर्चेही त्यांच्याच हस्ते समर्पित झाली आणि एप्रिलमध्ये ते मुंबईस गेले. 1824 हे फार तर बांधकामाचे साल असावे. कलकत्त्याच्या बिशपने गुजरातेत येण्याचे कारण म्हणजे 1814 मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या धर्मप्रांतात (बिशपच्या अधिकारक्षेत्रात) कंपनीचा सारा मुलूख मोडत असे. हीबर यांच्या प्रवासवृत्तान्तात हे चर्च लहान, सोयीचे व गॉथिक धाटणीचे म्हटले आहे. याच मुक्कामात ते दुसऱ्या सयाजीरावांच्या (कार. 1819–47) दरबारातही गेले होते.

ही वास्तू फार काळ टिकली नसावी. 1838 च्या सुमारास चर्च नव्याने बांधले गेले व मुंबईचे पहिले बिशप टॉमस कार यांनी त्याचे समर्पण केले, असे सामान्यतः मानले जाते. काहींच्या मते ती केवळ दुरुस्ती होती. परंतु डागडुजी केलेल्या चर्चचे पुन्हा समर्पण करण्याचा अँग्लिकन प्रघात नाही. इमारत पाडून नवी उभारली, तरच तो विधी नव्याने होतो. शिवाय मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत 1837 मध्ये झाला, त्यामुळे कार यांचा विधी त्यापूर्वीचा असू शकत नाही. म्हणून दोन वेगळ्या वास्तू मानणे अधिक सयुक्तिक ठरते. आजच्या चर्चला ‘हीबरचे चर्च’ म्हणण्याची सवय त्यामुळेच सोडायला हवी. त्या मानाची वास्तू वेगळी होती, आणि तिची नोंद तिच्याच नावे राहिली पाहिजे.

छावणी उठल्यावर परिसर शहरात मिसळला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही प्रॉटेस्टंट पंथांची संयुक्त धर्मसंस्था स्थापन झाली. सेंट जेम्स चर्च आता तिच्या गुजरात धर्मप्रांतात मोडते.