चाक फिरते, गाडी हलत नाही: मॉडेल इंजिनांच्या ओढीची पार्श्वभूमी

गाडी चढाला लागते, मागचे डबे अजून वळणातच असतात आणि इंजिन अडते. इथून पुढे दोनच गोष्टी घडू शकतात. एक तर चाके जागच्या जागी फिरत राहतात आणि त्यांच्याखालचा रूळ घासून चकचकीत होतो. नाहीतर चाकेच थांबतात, मोटर न फिरता नुसती गुणगुणते आणि तापू लागते. पहिल्या दुखण्यात पकड अपुरी असते, दुसऱ्यात मोटर. पहिल्यावर दुसऱ्याचे औषध दिले तर काम हमखास बिघडते. मॉडेल इंजिनाची ओढ वाढवण्यासाठी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत झालेले प्रयत्न या दोन टोकांमध्ये ये-जा करत राहिले आहेत.

खऱ्या रेल्वेचा जन्मही याच शंकेत झाला. गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर जड माल ओढू शकेल का, याची एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खात्री नव्हती. १८१२ मध्ये लीड्सजवळच्या मिडलटन रेल्वेवर जॉन ब्लेंकिन्सॉपने रुळाच्या कडेला दाते बसवून दातेरी चाकाचे इंजिन चालवले. त्याच सुमारास वायलमच्या कोळसा खाणीवर विल्यम हेडलीने माणसांनी दांडे फिरवून चालवायची एक चाचणी-गाडी तयार केली, तिच्यावर वजन कमी-जास्त करत प्रयोग केले आणि नुसत्या वजनानेही पुरेशी पकड मिळते हे दाखवले. चालक चाकांवर (म्हणजे इंजिन ज्यांना फिरवते त्या चाकांवर) पडणारे वजन गुणिले पकडीचा गुणांक म्हणजे ओढ, हे सूत्र आजही तेच आहे, मग इंजिन शंभर टनांचे असो की शंभर ग्रॅमचे.

मॉडेल लहान झाले की ओढ कमी होणारच, असे सर्रास म्हटले जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. एचओ हे मॉडेलांचे एक प्रमाण, १:८७ चे. लांबी ८७ पट घटली की वजन ८७ च्या घनाने, म्हणजे सुमारे ६,५८,००० पट घटते. त्या हिशेबाने १०० टनांचे इंजिन एचओमध्ये सुमारे १५२ ग्रॅमचे होईल, १:१६० च्या एन प्रमाणात जेमतेम २४ ग्रॅमचे. पण डब्यांचे वजनही त्याच पटीने घटते, त्यामुळे नुसत्या वजनाच्या गुणोत्तराने काही बिघडत नाही. बिघडते ते घर्षणाने. खरी रोलर बेअरिंगवरची वाघीण (मालडबा) सपाट रुळावर आपल्या वजनाच्या ०.२ टक्क्याच्या आसपास विरोध करते, मॉडेलची वाघीण साधारण २ टक्के. शिवाय ४५७ मिलिमीटर त्रिज्येचे वळण घरात अगदी सामान्य मानले जाते, पण ८७ ने गुणले तर ते ४० मीटर त्रिज्येचे भरते. मुख्य मार्गावर असे वळण कोणी टाकणार नाही. जागेअभावी ३-४ टक्क्यांचे चढही सहज घातले जातात. म्हणूनच एचओचे इंजिन १५२ ऐवजी ४०० ग्रॅमचे करूनही कमी पडते.

सुरुवातीच्या चावीच्या गाड्यांना ही अडचण फारशी जाणवली नाही. १८९१ मध्ये मेर्कलिन या जर्मन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत क्रमांक दिलेल्या रुंदींचे रूळ आणि चावीची गाडी मांडली, तेव्हा इंजिन जाड पत्र्याचे होते, रूळ पत्र्याचे होते आणि डबे मोजकेच होते. तिथे कमी पडत असे ती स्प्रिंग. चावी भरताच गाडी सुसाट सुटायची आणि फेरी संपता संपता मरगळायची. वाफेवर चालणाऱ्या मॉडेलांत वेगळाच वाद रंगला. लहान बॉयलरला स्पिरिटची ज्योत आणि पाण्याच्या नळ्याच बऱ्या, असे प्रस्थापित मत होते. एलबीएससी या टोपणनावाने लिहिणाऱ्या लॉरेन्सने अडीच इंच रुंदीच्या रुळावरचे कोळशाचे ‘आयेशा’ हे इंजिन बांधून माणसे ओढून दाखवली. खऱ्या इंजिनासारखी भट्टी आणि धुराच्या नळ्या असलेला बॉयलर छोट्या आकारातही चालतो, हे १९२० च्या दशकातल्या या ‘बॉयलरच्या लढाई’ने ठरवले.

वीज आली आणि खोलीत मावणारी लहान प्रमाणे शक्य झाली. मेर्कलिन आणि ट्रिक्स यांच्या छोट्या विजेच्या गाड्या १९३५ मध्ये बाजारात आल्या. पकडीचा प्रश्न खरा उभा राहिला तो इथे. त्यावरचा पहिला नाट्यमय उपाय अमेरिकेत निघाला. १९५० च्या सुमारास लायनेल कंपनीने ‘मॅग्ने-ट्रॅक्शन’ आणले. अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकांनी चालक चाकेच चुंबकित होत आणि पोलादी पत्र्याच्या रुळाला चिकटून धरत. इंजिनाचे वजन न वाढवता चाकावरचा दाब वाढवण्याची ही युक्ती होती, म्हणून तिचे मोल मोठे. पण अल्निकोला कोबाल्ट आणि निकेल लागते. कोरियातील युद्धामुळे या धातूंची टंचाई झाली आणि १९५२ ची काही इंजिने चुंबकांशिवाय विकावी लागली. ब्रिटनमध्ये ट्राय-अँग कंपनीने १९६० च्या दशकात हेच तत्त्व ‘मॅग्नाधिजन’ या नावाने वापरले.

दोन्ही योजनांना मर्यादा घातली ती रुळाच्या धातूने. पोलाद गंजते, म्हणून हौशी लोक हळूहळू जर्मन सिल्व्हरच्या रुळांकडे वळले. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, आणि त्याला चुंबक चिकटत नाही. रूळ बदलला त्या दिवशी चुंबकाचा फायदा शून्यावर आला.

उरला रबराचा मार्ग. एका-दोन चालक चाकांना खाच पाडून त्यात रबरी कडे बसवायचे, यालाच ट्रॅक्शन टायर म्हणतात. गिल्बर्टच्या अमेरिकन फ्लायर गाड्यांपासून युरोपातल्या बहुतेक कारखान्यांपर्यंत हा उपाय पसरला, आणि ओढ झटकन वाढते यात शंका नाही. त्याची किंमत मात्र वेगळ्या खात्यातून वसूल होते. रबर चढवलेले चाक रुळातून वीज घेऊ शकत नाही. चार चालक चाकांपैकी दोन अशी गेली की काट्यांवर (रूळ फुटतात त्या सांध्यांवर) आणि मळक्या रुळावर इंजिन अडखळते. रबर ताणून सैल पडते, तेल लागले की फुगते, जुने झाले की कडक होऊन तडकते. खाचेपेक्षा जाड कडे बसवले तर चाकाचा व्यास वाढून इंजिन डुलत चालते. बदलताना खाच स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि कडे बोथट टाचणीने ओढत न पिळता बसवावे. चाक हळू फिरवून पाहिल्यावर कडे कुठेही उंचवटा न दाखवता एका रेषेत दिसले पाहिजे. अलीकडे चाकावर लावून सुकवायचे द्रव रबरही मिळते. ते चाक फिरते ठेवून अगदी पातळ थरात लावले तरच गोल बसते.

१९७० आणि ८० च्या दशकांत वाफेच्या इंजिनांच्या अनेक मॉडेलांत मोटर मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाण्याच्या जोडडब्यात, टाकली गेली. इंजिनाचा बॉयलर मोकळा राहिला, पण ओढायचे काम हलक्या टेंडरवर आणि त्याच्या रबरी चाकांवर आले. आमच्या मते हे पाऊल उलट्या दिशेचे होते. जड असायला हवा तो इंजिनाचा भाग नुसता ढकलला जाणारा बोजा झाला.

खरा पल्ला गाठला तो डिझेल इंजिनांच्या मॉडेलांनी. अथर्न या अमेरिकन कंपनीच्या सुरुवातीच्या काही इंजिनांत मोटरच्या दांड्यावरून आसावर रबर बँड ताणलेले असत. इंजिन धावे जोरात, पण हळू चालणे त्याला जमत नसे आणि बँड काही दिवसांत सैल पडत. पुढे मोटर मधोमध, दोन्ही बाजूंना सांधेदार दांडे आणि दोन्ही बोगींवर (खालच्या चाकांच्या वळत्या चौकटींवर) वर्म गिअर, म्हणजे मळसूत्री दातेचाक, अशी रचना रूढ झाली. सगळी चाके चालक झाल्याने इंजिनाचा प्रत्येक ग्रॅम पकडीच्या कामी लागला. एनमध्ये तर धातूचा सांगाडा दोन उभ्या अर्ध्यांत विभागून तोच वजन आणि तोच विजेची वाट केला गेला.

वजन वाढवायचे तर कुठे आणि किती, हे आकड्यांवरून स्पष्ट होते. धातूच्या चाकांसाठी पकडीचा गुणांक ०.२२ धरू. ४०० ग्रॅमचे, सर्व चाके चालक असलेले इंजिन ८८ ग्रॅमची ओढ देते. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेच्या हौशी लोकांच्या एनएमआरए संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याचे वजन १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे ६ इंची डबा ४ औंसांचा, साधारण ११३ ग्रॅमचा. २ टक्के विरोध धरला तर एका डब्याला २.३ ग्रॅम लागतात. सपाटीवर ३८ डबे. २ टक्क्यांच्या चढावर मात्र इंजिनाला स्वतःला वर न्यायलाच ८ ग्रॅम जातात आणि प्रत्येक डब्याची मागणी दुप्पट होते, म्हणून उरतात १७. इंजिनात ५० ग्रॅम भरले तर या चढावर जेमतेम दोन डबे वाढतात.

शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३, म्हणून अरुंद जागेत टंगस्टनची लुगदी उपयोगी पडते. भरलेले वजन चालक चाकांच्या मधोमध पडले पाहिजे. गोल पेन्सिलीवर इंजिन तोलून पाहा: ते चालक चाकांच्या मध्यावर समतोल राहायला हवे. पुढच्या लहान चाकांच्या बोगीची स्प्रिंग कडक असेल तर ती चालक चाकांवरचे वजन उचलते. अशी स्प्रिंग एक-दोन वेटोळ्यांनी कापली तर काहीही न भरता पकड वाढते. शिशाच्या गोळ्या बंद बॉयलरमध्ये लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवू नयेत. कालांतराने शिशावर पांढरा क्षार चढतो, गोळ्या फुगतात आणि बॉयलरची शिवण उकलते. इपॉक्सी वापरावा. जस्ताच्या जुन्या ओतीव सांगाड्यांचेही असेच होते: मिश्रणात शिशाची भेसळ असेल तर धातू आतून फुगून तडकतो, आणि त्यावर उपाय नाही.

वजन वाढवताना एक सीमा पाळावीच लागते. पूर्ण व्होल्टेजला इंजिन हाताने धरले असता चाके घसरली पाहिजेत. ती न घसरता थांबली तर मोटर जळण्याच्या वाटेवर आहे, आणि डीसीसी डिकोडर (रुळातून येणारे डिजिटल आदेश वाचून मोटर चालवणारे सर्किट) बसवलेला असेल तर आधी तो जाईल. चाक घसरणे हा मोटरचा सुरक्षा-झडपेसारखा आधार आहे.

जुन्या उघड्या सांगाड्याच्या मोटरी इथेच तोकड्या पडत. त्यांचे अल्निको चुंबक आर्मेचर (मोटरचा आतला फिरता भाग) बाहेर काढताच क्षीण होतात, मग करंट वाढतो आणि ताकद घटते. १९८० च्या दशकात आलेल्या निओडिमियम चुंबकांनी या मोटरींना दुसरा जन्म दिला. जुना चुंबक काढून त्याच जागेत, ध्रुवांची दिशा तीच ठेवून, निओडिमियमचे तुकडे बसवायचे आणि उरलेली फट पोलादाच्या पट्टीने भरायची. फट राहिली तर बराचसा फायदा वाया जातो. काम बरोबर झाले की करंट घटतो, कमाल वेग थोडा उतरतो आणि रखडत चालणारे इंजिन खालच्या वेगात स्थिर होते.

तेच चुंबक आता पुन्हा रुळाकडेही वळले आहेत. जर्मन सिल्व्हरच्या रुळाखाली चढावर पोलादी पट्ट्या अंथरायच्या आणि इंजिनाच्या पोटाशी चुंबक लावायचे, असे तयार संच मिळतात. अंतर वाढले की चुंबकाचे आकर्षण झपाट्याने घटते, म्हणून चुंबक स्लीपरच्या जितका जवळ तितके बरे, पण काट्यांवर कुठे टेकत नाही ना हे पाहूनच. सुटलेले खिळे आणि लोखंडी कीस तो उचलतो, त्यामुळे चुंबकाचे तोंड वरचेवर पुसावे लागते.

इंजिनाला हात लावण्याआधी डबे तपासलेले बरे. १ मीटर लांबीच्या फळीवर रूळ ठोका, एक टोक २० मिलिमीटर उचला आणि एकेक डबा वर ठेवून सोडा. जो आपणहून घरंगळत नाही त्याचा विरोध २ टक्क्यांहून जास्त आहे. त्याच्या आसाची टोके पाहा, बोगीच्या शंकूसारख्या खळग्यात अडकलेला केस काढा, चाके बोगीला घासतात का ते बघा. अशा चार डब्यांची दुरुस्ती बहुतेक वेळा इंजिनातल्या ५० ग्रॅमपेक्षा जास्त देऊन जाते.